राखणं, झाकणं, टाळणं



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी फोन करून विचारलं, "सर, म्हणी आणि वाक्प्रचार हे मराठीच्या प्राध्यापकांचं काम. तत्त्वज्ञानाच्या माणसानं तिथं कशाला जावं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की कोणत्याही समाजाचं नीतिशास्त्र दोन ठिकाणी सापडतं. एक ग्रंथांत, दुसरं जिभेवर. ग्रंथातलं नीतिशास्त्र विचार करून लिहिलेलं असतं, त्यामुळे ते शहाणं असतं. जिभेवरचं मात्र आपण विचार न करता बोलून जातो, त्यामुळे ते खरं असतं. वाक्प्रचार हे जिभेवरचं नीतिशास्त्र आहे.

आज मी तीन गटांतले वाक्प्रचार घेणार आहे. पहिला गट राखण्याचा. डोळ्यांत तेल घालून पहारा करणं, पाळत ठेवणं, कानोसा घेणं, ताकही फुंकून पिणं. दुसरा गट झाकण्याचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताकास तूर लागू न देणं, या कानाचं त्या कानाला कळू न देणं, अळीमिळी गुपचिळी. तिसरा गट टाळण्याचा. चार हात लांब राहणं, कोपरापासून नमस्कार करणं, एखाद्याच्या वाऱ्यालाही उभं न राहणं.

सावधपणा, गुप्तता आणि अंतर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण धरून चालतो. माझं आजचं म्हणणं असं, की ही एकाच घरातली तीन भावंडं आहेत. थोरलं भावंड चांगलं आहे, मधलं परिस्थितीप्रमाणे वागतं, आणि धाकट्याकडे लक्ष दिलं नाही तर ते घर बुडवतं.

एका धातूची गोष्ट

हे मी मनचं सांगत नाही. पुरावा भाषेतच आहे.

संस्कृतात 'गोपा' हा फार जुना शब्द. 'गो' म्हणजे गाय आणि 'पा' म्हणजे राखणं. गाई राखणारा तो गोपा. पुढे कोणताही राखणदार गोपाच झाला. ऋग्वेदात देवांनाही हा शब्द लावलेला आहे. या 'गोपा'वरून राखण करणं या अर्थाचं क्रियापद तयार झालं आणि त्यातून 'गुप्' हा धातू वेगळा निघाला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. तेव्हा 'गुप्'चा मूळ अर्थ राखणं. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रानं राखलेला. चंद्रामागे लपून बसलेला, असा त्याचा अर्थ नाही.

आता पुढची पायरी बघा. जी वस्तू राखायची ती माणूस उघड्यावर ठेवत नाही. तो ती आत ठेवतो, झाकतो, कुणाला सांगत नाही. म्हणून 'गुप्त'चा अर्थ हळूहळू 'राखलेलं' यावरून 'लपवलेलं' याकडे सरकला. गुपित, गोपनीय, गुप्तधन, आणि काठीच्या पोटात पातं दडवलेली ती गुप्ती, हे सगळे शब्द त्याच वळणावरचे. आपल्या नागपुरात पाणीपुरीला गुपचुप म्हणतात, कारण अख्खी तोंडात टाकली की पुढचा अर्धा मिनिट बोलणं बंद! ही व्युत्पत्ती म्हणून वहीत उतरवून घेऊ नका, गंमत म्हणून सोडून द्या.

तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संस्कृतात धातूवरून इच्छा दाखवणारं रूप करता येतं. 'पा' म्हणजे पिणं, त्यावरून पिपासा, पिण्याची इच्छा. 'ज्ञा' म्हणजे जाणणं, त्यावरून जिज्ञासा. तसंच 'गुप्'वरून काय होतं? जुगुप्सा. शब्दाच्या घडणीप्रमाणे पाहिलं तर त्याचा अर्थ व्हायला हवा राखण्याची इच्छा, स्वतःला जपण्याची इच्छा. पण जुगुप्सा म्हणजे आपण काय समजतो? किळस. पाणिनीनं अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच हे रूप नोंदवलं आहे, आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी स्पष्ट केलं आहे की इथं अर्थ निंदेचा घ्यायचा. नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून जुगुप्साच सांगितली आहे.

म्हणजे प्रवास कसा झाला? गाय राखणं, मग वस्तू झाकणं, मग माणसाला किळसून दूर होणं. सुरुवातीला राखणारा दुसऱ्याला राखत होता. शेवटी तो फक्त स्वतःला राखतो आहे आणि समोरचा त्याला घाण वाटतो आहे. मधे कुणीही दुष्ट हेतूनं काही केलेलं नाही. प्रत्येक पायरी एकेक इंचाची, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही.

इंग्रजांचंही तेच घर

हे फक्त संस्कृतात झालं असेल, अशी शंका तुम्ही काढाल. म्हणून इंग्रजीकडे बघू.

इंग्रजीत पहाऱ्याला 'वॉच' म्हणतात. 'वॉच' आणि 'वेक' हे एकाच मुळाचे शब्द. वॉच ठेवणं म्हणजे मुळात जागं राहणं. आपल्याकडे गावच्या राखणदाराला 'जागल्या' म्हणतात आणि शेतात रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जाणं म्हणजे जागलीला जाणं. तिथेही जागण्यावरूनच शब्द आला. दोन भाषा, एकमेकींशी सल्लामसलत न करता, एकाच निष्कर्षाला आल्या: जो झोपत नाही तो राखतो. इंग्रजीतले 'वॉर्ड', 'गार्ड', 'वेअरी' आणि 'अवेअर' हेही एकाच कुळातले. म्हणजे जाणीव असणं आणि पहारा देणं यांचं नातं तिथंही जुळलेलं आहे. आपला 'सावधान' हा शब्दही अवधानातूनच येतो. समर्थ रामदासांची आख्यायिका तुम्हाला माहीत आहे. मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकलं आणि ते बोहल्यावरून पसार झाले. सावधपणातून थेट अंतरात उडी!

'सीक्रेट' हा शब्द लॅटिनमधून आला. तिथं त्याचा अर्थ 'चाळून वेगळं काढलेलं'. धान्य चाळताना जे बाजूला पडतं, तसं. म्हणजे गुपित ही मुळातच अंतराची कल्पना आहे. ज्यांना माहीत आहे आणि ज्यांना माहीत नाही, अशी माणसांची चाळणी गुपितामुळे होते.

चोरून ऐकण्याला इंग्रजीत 'ईव्ह्ज्‌ड्रॉपिंग' म्हणतात. 'ईव्ह्ज' म्हणजे छपराची वळचण. पावसाच्या पागोळ्या पडतात तो घराभोवतीचा पट्टा म्हणजे मुळातला 'ईव्ह्ज्‌ड्रॉप'. तिथं भिंतीला कान लावून उभा राहणारा तो ईव्ह्ज्‌ड्रॉपर. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हा गुन्हा होता. ब्लॅकस्टोननं १७६९ मध्ये उपद्रवी वर्तनाच्या प्रकारांत त्याची व्याख्या दिली आहे, आणि हा गुन्हा कायद्यातून काढला गेला तो १९६७ साली. आपण म्हणतो भिंतींना कान असतात. इंग्रजही तेच म्हणतात, पण त्यांनी तो कान कोणत्या जागी उभा राहतो हेसुद्धा शब्दात नोंदवून ठेवलं.

अंतराचे त्यांचे वाक्प्रचार बघा. एखाद्याला 'वाइड बर्थ' देणं, म्हणजे त्याच्यापासून लांबून जाणं. हा जहाजावरचा शब्द. नांगर टाकलेलं जहाज वाऱ्याबरोबर, भरतीबरोबर फिरतं. त्याला फिरायला जागा सोडली नाही तर टक्कर होते. म्हणजे मुळात हे अंतर तिरस्काराचं नव्हतं. दुसऱ्यालाही हलायला जागा हवी, या समजुतीचं होतं. दुसरा शब्द 'आर्म्स लेंथ', हाताच्या अंतरावर. हा तर आपल्या आयकर कायद्यात आहे. एकाच मालकाच्या दोन कंपन्यांनी, एक इथली आणि एक परदेशातली, एकमेकींशी व्यवहार करताना परक्या माणसाशी करावा तसा भाव लावावा, हा नियम २००१ पासून आपल्याकडे नीट बसवला गेला. इथंही अंतर हा सद्गुण आहे. सगळंच अंतर वाईट नसतं, हे ध्यानात ठेवू. पुढं लागणार आहे.

झाकली मूठ

आता मधल्या भावंडाकडे, गुप्ततेकडे येऊ.

आपल्या दोन म्हणी शेजारी ठेवून बघा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आणि 'ताकाला जाऊन भांडं लपवणं'. दोन्ही गरिबाच्या आहेत. ज्याच्याकडे खरंच सव्वा लाख आहेत त्याला मूठ झाकायचं कारण काय? आणि ज्याच्या घरी दुभतं आहे तो शेजारी ताक मागायला जाईल कशाला? मूठ रिकामी आहे म्हणून ती झाकायची. भांडं लपवायचं, कारण मागायची लाज वाटते. ही गुप्तता अब्रू राखते. दुर्बळाजवळ दुसरं काहीच राखायला नसतं तेव्हा एवढं तरी असतं.

म्हणून गुप्तता म्हणजे लबाडी, असं सरसकट म्हणू नका. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. झाकल्या मुठीला त्या दिवशी घटनेचं संरक्षण मिळालं, असं मी गमतीनं पण मनापासून म्हणतो.

मग वाईट गुप्तता कोणती? 'घरातली गोष्ट घरात', 'चार भिंतींच्या आत', 'अळीमिळी गुपचिळी'. सुनेला मार पडला तर तो चार भिंतींच्या आत. मुलीवर नात्यातल्या कुणी हात टाकला तर अळीमिळी गुपचिळी. इथं मूठ झाकली आहे ती दुसऱ्याची, आणि झाकणारा हात बळकट माणसाचा आहे. शब्द तेच, कृती तीच, पण राखलं कोण जातं? मार खाणारी नाही. मारणारा राखला जातो.

या दोन प्रकारांत फरक कसा करायचा, यासाठी कांटनं एक कसोटी दिली आहे. १७९५ च्या 'शाश्वत शांती' या निबंधात तो जे मांडतो ते माझ्या शब्दांत असं. दुसऱ्याच्या हक्कांशी संबंध असलेली कृती करताना तुमचं धोरण चारचौघांत जाहीर करून बघा. जाहीर केल्याबरोबर ते कोसळत असेल, तर ते अन्यायाचं आहे. आता लावून बघा. "मी माझी गरिबी कुणाला सांगत नाही." हे धोरण भर चौकात सांगता येतं. लोक मान डोलावतील. डॉक्टर म्हणेल, "मी रुग्णाचा आजार बाहेर सांगत नाही." हेही जाहीर सांगता येतं, किंबहुना दवाखान्यात पाटी लावून सांगता येतं. पण "आमच्या घरात सुनेला मारलं तर आम्ही ते बाहेर येऊ देत नाही", हे सीताबर्डीच्या चौकात उभं राहून सांगा बरं. सांगता येणार नाही. लक्षात घ्या, गुपित उघड करा असं कांट म्हणत नाही. ते गुपित का ठेवलं आहे, ते कारण उघड करता आलं पाहिजे.

चार हात म्हणजे किती?

आता अंतर.

एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण अठरा इंच. मग चार हात किती झाले? बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट. २०२० साली 'दो गज की दूरी' आपण ऐकली. दोन गज म्हणजे किती? सहा फूट! आपल्या आजोबांनी 'त्या माणसापासून चार हात लांब राहा' म्हणून सांगितलं, आणि करोनात सरकारनं तेवढंच अंतर मोजून सांगितलं. हा योगायोग आहे, पण मजेदार आहे.

त्याच वर्षी शब्दाचा एक प्रश्न उभा राहिला. इंग्रजीत सगळे 'सोशल डिस्टन्सिंग' म्हणत होते. मराठीत कुणी त्याचं 'सामाजिक अंतर' केलं आणि अनेकांच्या अंगावर काटा आला. कारण सामाजिक अंतर आपल्याला नवीन नव्हतं. ते आपल्याकडे शतकानुशतकं होतं आणि त्यानं कुणाचाही रोग बरा केला नव्हता. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही 'फिजिकल डिस्टन्सिंग' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे 'शारीरिक अंतर', 'सुरक्षित अंतर' हे शब्द आले. मला वाटतं, तो बदल अचूक होता.

दोन्ही अंतरं सहा फुटांचीच धरा. फरक कशात आहे? इथं शोपेनहाउअरची एक छोटी गोष्ट उपयोगी पडते. ती १८५१ च्या त्याच्या लेखसंग्रहात आहे. थंडीत साळिंदरं ऊब मिळावी म्हणून जवळ येतात, एकमेकांचे काटे टोचतात, लांब जातात, गारठतात, पुन्हा जवळ येतात. असं करत करत त्यांना सोसेल असं अंतर सापडतं. शोपेनहाउअरच्या मते तेच सौजन्य. मला या गोष्टीतली एक बाब महत्त्वाची वाटते, जी त्यानं फारशी उलगडली नाही. काटे दोघांनाही आहेत. थंडी दोघांनाही वाजते. अंतर दोघांनी मिळून शोधलं आहे. करोनातलं अंतर असं होतं. तुमच्यापासून मला धोका आणि माझ्यापासून तुम्हालाही. त्यात कुणी वर नव्हतं, कुणी खाली नव्हतं.

आता दुसरं अंतर. ते एकानं ठरवायचं आणि दुसऱ्यानं पाळायचं. वैकमचा सत्याग्रह १९२४-२५ मध्ये झाला तो देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यांवरून चालू द्यावं म्हणून, कारण केरळात कोणत्या जातीनं कुणापासून किती दूर राहायचं याचा हिशेब ठरलेला होता. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडकं बांधावं लागे, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात नोंदवलं आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं. अंतर पाळण्याचं सगळं कष्ट कुणाकडे? ज्याला टाळलं जातं आहे त्याच्याकडेच.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. 'कावळा शिवला.' लहानपणी आपण विचारायचो, आई बाजूला का बसली? उत्तर मिळायचं, कावळा शिवला. या दोन शब्दांत झाकणंही आहे आणि टाळणंही आहे. मुलांना कळू नये म्हणून कावळा, आणि विटाळ म्हणून बाजूला. गडचिरोलीच्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना राहायला वेगळं कुर्माघर असतं. तिथलं अंतर झोपडीच्या रूपात दिसतं म्हणून आपल्याला धक्का बसतो. आपल्याकडे ते एका कावळ्याच्या मागे लपलेलं होतं.

वेशीवरचा माणूस

आता मी मुख्य मुद्द्याशी येतो. तिन्ही भावंडं एकाच माणसाच्या वाट्याला आली तर काय होतं?

मराठीत 'वेसकर' हा शब्द आहे. काही ठिकाणी येसकर म्हणतात. वेसकर म्हणजे गावच्या वेशीची राखण करणारा महार. आपल्या मध्यप्रांतात गावच्या राखणदाराला कोटवार किंवा कोतवाल म्हणत आणि अनेक गावांत हे काम महारांकडेच असे. त्याचं काम काय? रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं, ध्यानात ठेवायचं. सरकारी खजिना पोचवायचा. वाटसरूला वाट दाखवायची. दोन गावांच्या शिवेचा तंटा झाला की शीव कुठून जाते हे सांगायचं, आणि त्या साक्षीला वजन असे. म्हणजे डोळ्यांत तेल घालायचं ते त्यानं. गावची गुपितं त्याच्या पोटात. पाटलाचा निरोप तोच नेणार, कुणाचं मढं, कुणाचं लग्न, पहिली खबर त्याला.

आणि तो राहायचा कुठं? वेशीबाहेर.

हे नीट पाहा. गाव ज्याच्या जागण्यावर झोपतं, त्यालाच गाव आत घेत नाही. शीव कुठं आहे हे त्याला विचारायचं, आणि त्याला शिवायचं नाही. शीव आणि शिवणं! मुळं वेगळी असतील, पण मराठी कानाला हे दोन शब्द शेजारी ऐकू येतात. ज्याच्या भरवशावर गाव राखलं, त्याच्याचबद्दल जुगुप्सा. गाय राखणाऱ्या गोपापासून किळसेपर्यंतचा जो प्रवास मी धातूच्या पोटात दाखवला, तो गावगाड्यात एका माणसाच्या अंगावर घडलेला आहे.

आणखी एक वाक्प्रचार आठवा: लक्तरं वेशीवर टांगणं. म्हणजे घरातली बेअब्रू जगजाहीर करणं. वेशीवरच का? कारण वेस ही सगळ्यांच्या येण्याजाण्याची जागा. गावाला जे सगळ्यात लाजिरवाणं वाटे, ते टांगायची जागा वेस. आणि तिथंच एक माणूस रोज रात्री बसलेला असे, राखण करत. त्याच्या रोजच्या जागेवरून गावानं बेअब्रूचा वाक्प्रचार केला.

या नोकरीला वतन म्हणत. वतन म्हटलं की आपल्याला मान वाटतो. पण मुंबई इलाख्यातल्या १८७४ च्या वतन कायद्याखाली हे काम पिढीजात होतं, आणि मोबदला तुटपुंजा असून कामाला वेळ-काळ नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. शंकरराव खरात यांचे वडील तराळ होते. पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या खरातांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं, 'तराळ-अंतराळ'. तराळ हे गावकीचं काम, आणि अंतराळ म्हणजे अवकाश, मोकळी जागा. पण अंतर हा शब्दही त्यातच आहे.

वतनं रद्द होण्याच्या दोन वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या याच नागपुरात लाखो लोक दीक्षेसाठी जमले. त्या घटनेवर धर्माच्या अंगानं पुष्कळ बोललं गेलं आहे. मी फक्त आजच्या विषयापुरतं एक सांगतो. ज्यांना शतकानुशतकं 'लांब हो' म्हटलं गेलं, त्यांनी त्या दिवशी स्वतःहून पाऊल उचललं. तुमच्या वेशीच्या आत घ्या, अशी विनंती केली नाही. वेस कुणाची आणि कशाची, हा प्रश्नच त्यांनी मागे टाकला. अंतर ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदा त्यांच्या हातात आला.

आजचा वेसकर

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर आज घरी जाताना सोसायटीच्या फाटकापाशी क्षणभर थांबा. तिथं खुर्चीवर एक माणूस बसलेला असेल. नागपूरच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या खोपटात. कोण आलं, कोण गेलं, तो वहीत लिहितो. कोणत्या घरी कुणाचं पार्सल येतं, कोणता मुलगा रात्री उशिरा येतो, सगळं त्याला माहीत. त्याला आपण वॉचमन म्हणतो. त्याचं पूर्ण नाव आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? त्याला बाथरूमची सोय आहे का? घरकाम करणाऱ्या बाईला कोणत्या लिफ्टनं यायचं असा नियम आहे का? आपण जात विचारत नाही, हे खरं. पण रचना ओळखीची वाटते ना?

पाळतीचीही तीच गत. बेंथमनं १७९१ मध्ये 'पॅनॉप्टिकॉन' नावाच्या तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला. मधे एक मनोरा, भोवती गोलात कोठड्या. पहारेकऱ्याला सगळे दिसतात, पण पहारेकरी कुणालाच दिसत नाही. आज कॅमेरे चौकाचौकांत आहेत आणि चोर पकडायला ते उपयोगी पडतात. माझा प्रश्न एवढाच असतो: पाहणाऱ्याला कोण पाहतं? मराठीनं हा प्रश्न कधीच विचारून ठेवला आहे. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

तेव्हा तीन प्रश्न घेऊन आपण उठू. राखतो आहोत, पण कुणाला? झाकतो आहोत, पण त्याचं कारण चारचौघांत सांगता येईल का? लांब राहतो आहोत, पण ते अंतर दोघांनी मिळून ठरवलं आहे का? थांबतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

प्रश्न: मग 'कावळा शिवला'सारखे वाक्प्रचार भाषेतून काढून टाकावेत का?

उत्तर: कोशातून काढू नयेत, तोंडातून जात असतील तर जाऊ द्यावेत. कोश ही साक्ष आहे. वेसकर हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहे म्हणून आपण आज त्याच्याबद्दल बोलू शकलो. पण नात विचारेल तेव्हा कावळ्याचं नाव घेऊ नका. पाळी हा शब्द सोपा आहे, तिला कळतो.

प्रश्न: सर, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा मोबाइल मी तपासतो. ही राखण की पाळत?

उत्तर: तुम्ही तपासता हे तिला माहीत आहे का?

प्रश्नकर्ते: नाही.

उत्तर: मग कांटची कसोटी तुम्हीच लावून बघा. "मी तुझा मोबाइल आठवड्यातून एकदा तुझ्यासमोर बघेन, कारण मला अमुक धोक्याची काळजी वाटते", हे तिला सांगता येईल का? सांगता आलं आणि ती चिडली, भांडली, तरी ती राखण आहे. भांडणातून तुमचं साळिंदराचं अंतर ठरेल. वय वाढेल तसं ते वाढवायला लागेल, हेही तेव्हाच सांगून टाका. पण ती झोपल्यावर बघत असाल तर भाऊ, तुम्ही वळचणीला उभे आहात. आणि एक दिवस तिला ते कळतंच. कळलं की तिच्या मनात तुमच्याबद्दल जे येईल, त्यासाठी आज आपण एक संस्कृत शब्द शिकलो आहोत. तो शब्द तुमच्या घरात येऊ नये, एवढंच म्हणेन. आज रात्री तिच्याशी बोला.